बंदिवानाची सुटका आणि सरकारी तिजोरी

ज्युबिलीचें वर्ष म्हणजे मूळांत सुटकेचें वर्ष. पन्नासाव्या वर्षीं दासानें आपल्या कुळाकडे परत जावें, अशी लेवीय ग्रंथांत आज्ञा आहे. आणि २६ डिसेंबर २०२४ रोजीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं रोममधील रेबिब्बिया तुरुंगांत पवित्र द्वार उघडलें. म्हणून सुटलेल्या बंदिवानास समाजांत परत आणण्याचें काम व त्याचा खर्च कोणीं सोसावा, ह्या वादाचा अमेरिकेंतील इतिहास ह्या पुस्तिकेंत देणें अप्रासंगिक होणार नाहीं.

राष्ट्राध्यक्ष निक्सन ह्यांचे सल्लागार चार्ल्स कोलसन हे वॉटरगेट प्रकरणांत स्वतः सुमारें सात महिने तुरुंगांत होते. सुटल्यावर त्यांनीं १९७६ सालीं 'प्रिझन फेलोशिप' ही संस्था स्थापिली. तिचा 'इनरचेंज' नामक कार्यक्रम १९९७ सालीं टेक्सासांत व १९९९ सालीं आयोवा राज्यांतील न्यूटनच्या तुरुंगांत सुरू झाला. सुटकेपूर्वीं दीड वर्षाच्या आसपास बायबलवर आधारलेलें शिक्षण, आणि सुटल्यावर एखाद्या मंडळीचा आधार, एक मार्गदर्शक सोबती व कामधंदा, अशी त्याची रचना होती. काळही अनुकूल होता. १९९६ च्या कायद्यानें धार्मिक संस्थांना सरकारी द्रव्य घेण्याचा मार्ग बराच मोकळा झाला होता. पुढें २००४ सालीं राष्ट्राध्यक्ष बुश ह्यांनीं काँग्रेसपुढें सांगितलें कीं, त्या वर्षीं सुमारें ६ लक्ष बंदिवान सुटणार असून त्यांच्या पुनःस्थापनेसाठीं चार वर्षांत ३० कोटि डॉलर खर्चावे.

न्यूटनची हकीकत थोडें थांबून पाहण्यासारखी आहे. कार्यक्रमांत शिरणाऱ्यांस जी इमारत मिळाली, तींत कोठडीचें दार लांकडी असे व किल्ली बंदिवानाच्याच हातीं असे. खर्चाचा कांहीं भाग राज्य देई, आणि प्रारंभीं तो बंदिवानांच्या टेलिफोनच्या उत्पन्नांतून आला! म्हणजे एखाद्या कॅथलिक मातेनें मुलाशीं दोन शब्द बोलण्यास मोजलेला पैसा तिच्या धर्माहून निराळ्या शिकवणीस लागावयाचा. २००३ सालीं ह्याविरुद्ध दावा झाला. २ जून २००६ रोजीं न्यायाधीश रॉबर्ट प्रॅट ह्यांनीं तो मान्य केला व सुमारें १५ लक्ष डॉलर परत करण्याची आज्ञा केली. ही शिकवण इव्हँजेलिकल पंथाची असून साक्रामेंतांस ती गौण लेखते, असेंही त्यांनीं निकालांत लिहिलें. न्यायालयानें साक्रामेंतांचा ऊहापोह करावा हें मला रुचत नाहीं. परंतु धर्मशिक्षण सरकारी पैशावर चालूं लागलें म्हणजे त्याची छाननी न्यायासनापुढें व्हावयाचीच. आपल्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमानेंही, विशिष्ट धर्माच्या प्रसारार्थ राखून ठेवलेला कर देण्याची सक्ति कोणावर करतां येत नाहीं. अल्पसंख्य असलेल्या आपणांस ह्या कलमाची किंमत अधिक कळावी.

वरिष्ठ न्यायालयानें डिसेंबर २००७ मध्यें मूळ निर्णय कायम केला, पण पहिल्या निकालापूर्वीं घेतलेली रक्कम परत करण्याची आज्ञा रद्द केली. कारण काम खरोखर झालें होतें व संस्थेची दानत खोटी नव्हती. हा निवाडा मला न्याय्य वाटतो.

कार्यक्रमाचें फळ काय झालें? टेक्सासांतील १७७ बंदिवानांविषयींचा अहवाल २००३ सालीं प्रसिद्ध झाला. कार्यक्रम पुरा करणाऱ्या ७५ जणांपैकीं दोन वर्षांत शेंकडा ८ च पुन्हां तुरुंगांत गेले, म्हणून मोठा गाजावाजा झाला. परंतु मध्येंच सोडलेल्यांस धरून हिशेब केला असतां हें प्रमाण शेंकडा २४ भरलें, आणि कार्यक्रमांत नसलेल्या तशाच बंदिवानांत तें सुमारें २० होतें. शिवाय नोकरी टिकविणें ही 'पुरा केला' म्हणवून घेण्याची एक अटच होती. ज्याला काम मिळालें तो तुरुंगाबाहेर राहिला, ह्यांत नवल तें काय? ह्यावरून हें सेवाकार्य व्यर्थ ठरत नाहीं. मात्र प्रार्थनेचें फळ शेंकड्यांनीं मोजून सरकारकडे त्याचा मोबदला मागणें मला तरी शोभादायक वाटत नाहीं.

एप्रिल २००८ मध्यें 'सेकंड चान्स ॲक्ट' झाला. त्या कायद्यानें सुटलेल्या बंदिवानांना मार्गदर्शक सोबती देणाऱ्या संस्थांस, धार्मिक असल्या तरी, अनुदानाची सोय झाली. सोबत्याचा, कामधंद्याच्या शिक्षणाचा खर्च त्यांतून करावा; उपासना व धर्मोपदेश निराळ्या वेळीं किंवा निराळ्या जागीं, येणाऱ्याच्या खुषीनें आणि मंडळीच्या स्वतःच्या पैशानें चालवावा, असा सरकारी अनुदानाचा नियम तत्पूर्वींच ठरला होता.