बाटली आडवी, नवरा उभा

मराठी विनोदाचा विषय निघाला की कोल्हटकर, गडकरी, अत्रे, पु. ल. ही नावे ओळीने येतात. सगळे पुरुष. बायकांना विनोद कळत नाही, असा शेराही आपल्याकडे सहज मारला जातो. झाडीपट्टीतल्या लग्नघरी ज्याने एक रात्र काढली आहे, तो मात्र हे मान्य करणार नाही. विहिणीच्या नाकापासून नवऱ्यामुलाच्या चालण्यापर्यंत तिथल्या गाण्यांच्या तावडीतून काही सुटत नाही. आमच्या मोहल्ल्यातही ढोलक मधे घेऊन बसलेल्या खाला आणि फुफी समधनीची अशी उतरवतात, की बाहेरच्या पुरुषांनी ऐकू न आल्याचे सोंग करावे. भुलाबाईच्या गाण्यांत तर सासरची सगळी माणसे एकेक करून हजेरी लावून जातात.

या हसण्याला कुंपण होते, एवढेच. सणापुरती, लग्नापुरती मुभा. दुसऱ्या दिवशी डोक्यावर पदर आणि मान खाली. हे हसणे अंगणाबाहेर चावडीवर आले, तेव्हा काय झाले, हे सांगण्यासारखे आहे.

पहिल्यांदा ते छापखान्यात गेले. आपल्याच विदर्भातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर आपले मूल मारल्याचा खटला झाला होता आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रे समस्त स्त्रीजातीला नीती शिकवत होती. ताराबाईंनी बायकांवर ठेवलेला एकेक दोष उचलला आणि तो पुरुषाच्या अंगाला कसा बरोबर बसतो, ते दाखवले. पुस्तकात संताप आहेच, पण हत्यार आहे ते घरगुती बोलीतल्या टोमण्याचे. ज्योतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून त्यांची पाठराखण केली. बाकीच्यांना मात्र हे हसणे सोसले नाही. ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही, आणि हे पुस्तक पुन्हा वाचकांसमोर यायला 1975 साल उजाडावे लागले.

आमच्या दंडारीत बाईचे सोंग पुरुष घेई आणि बाईवरचा विनोदही पुरुषच करी. समोर तरटावर बसलेल्या बाया हसत. आता झाडीपट्टीच्या नाटकांत स्त्रिया सर्रास काम करतात, पण संवाद बहुधा पुरुषांनीच लिहिलेले असतात. तिच्या तोंडी विनोद असतो, तिचा विनोद नसतो.

तिचा विनोद मी ऐकला तो दारूबंदीच्या बैठकांत. गडचिरोलीत 1980च्या दशकाच्या अखेरीस ही चळवळ उभी राहिली आणि 1993 साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची नावे सगळ्यांना ठाऊक आहेत. गावोगावच्या बायांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. देवाला वाहायची मोहाची दारू वेगळी आणि दुकानातली वेगळी, हा भेद त्यांना कोणी शिकवावा लागला नव्हता.

अशाच एका बैठकीत, सिंदेवाहीच्या बाजूला, एक म्हातारी उभी राहिली. म्हणाली, “मावा नवरा भल्ला देवभोळा हाये जी. रोज संध्याकाळी लोटांगण घालतच घरी येते.” मांडव हसून लोळला. मागे उभे असलेले दोन-तीन ‘देवभोळे’ हळूच सटकले. मार खाणाऱ्या बाईबद्दल गाव हळहळते आणि आपापल्या घरी जाते. त्याने तिचे काही बदलत नाही. पण मारणाराच हसण्याचा विषय झाला की त्याला गावात तोंड दाखवणे जड जाते. इतकी वर्षे लाज बाईच्या वाट्याला होती. त्या दिवशी ती घर बदलून गेली.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या बाया डिसेंबर 2010 मध्ये पारोमिता गोस्वामी यांच्या ‘श्रमिक एल्गार’बरोबर चिमूरहून नागपूरला विधिमंडळाच्या अधिवेशनावर पायी गेल्या. चिमूर म्हणजे 1942च्या उठावाचे गाव. 1 एप्रिल 2015 पासून जिल्ह्यात बंदी आली. 2021 साली सरकारने ती उठवली. बंदीने चोरटी दारू वाढली, असे कारण दिले गेले. त्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. पण ज्या चालत गेल्या होत्या, त्यांना कोणी पुन्हा विचारले, असेही मला दिसले नाही.

उरला तो मतदानाचा नियम. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या तर दुकानावर मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. हा नियम समजावून सांगणारे गृहस्थ चित्रांपाशी अडखळले, तेव्हा एक बाई म्हणाली, “सोपं हाये जी. बाटली उभी त नवरा आडवा. बाटली आडवी त नवरा उभा.” मी इतकी वर्षे कविता लिहितो, पण दोन ओळींत एवढे बसवणे मला जमलेले नाही.

गृहस्थ पुढे म्हणाले, आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मते हवीत. आणि ती आलेल्या बायांच्या निम्मी नव्हेत, तर यादीतल्या एकूण बायांच्या निम्मी.

“मंग जे आलीच नाही, तिचं मत कोनाले?” तीच बाई.

“तसं कोणालाच नाही. पण धरलं तर... उभ्या बाटलीलाच.”

“असं का? मंग आमदारालेबी हाच कायदा लावा ना जी!”

गृहस्थही हसले. त्यांच्या हातातली वही मात्र बंदच होती.