घोडा, मास्तर आणि आपली जळकी मोटार

परवा बोअरची मोटार भरून आणली. तीन वर्षांत तिसऱ्यांदा. मेस्त्री म्हणाला, "दादा, मोटार चांगली हाय, व्होल्टेज खराब हाय." व्होल्टेज कमी, मग मोटार जळते कशी? उलट गार राहायला पाहिजे! हे कोडं सुटायला मला जुन्या माणसांकडं जावं लागलं.

पहिला जेम्स वॅट. अठराव्या शतकाच्या अखेरीस वाफेचं इंजिन विकताना गिऱ्हाइकाला कळावं म्हणून त्यानं ताकद घोड्यात मोजली. आपली मोट ओढली बैलांनी, पण शेतीपंपाच्या बिलावर आला तो घोडाच. एक एचपी म्हणजे 746 वॅट. आपल्या परळीचा पहिला संच 1971 साली सुरू झाला, 30 मेगावॅटचा. म्हणजे साधारण 40 हजार घोडे. कागदावर पाच एचपीच्या आठ हजार मोटारी. कागदावर म्हणतोय, कारण वाटेत वायर आहे.

वायरीचं गणित मांडलं जर्मनीतल्या कोलोनच्या एका शाळामास्तरानं, गेऑर्ग ओहमनं. 1827 च्या त्याच्या पुस्तकाला सुरुवातीला कुणी फारसं विचारलं नाही, मास्तरानं नोकरीही सोडली. मानाचं पदक मिळालं थेट 1841 ला, तेही लंडनहून. त्याचं म्हणणं एवढंच: वायरीच्या दोन टोकांतलं व्होल्टेज भागिले अँपिअर म्हणजे तिचा रोध. (फिरत्या मोटारीला हा भागाकार सरळ लावू नका, तिथं कॉइलचा चुंबकी विरोधही मिसळतो.) त्याच सुमाराला इंग्लंडात दारू गाळणाऱ्या घरातल्या ज्यूलनं दाखवलं की वायरीतली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. करंट दुप्पट, तर उष्णता चौपट. आपली मोटार इथंच मरते.

हिशेब करू. थ्री फेजला पॉवर म्हणजे 1.73 गुणिले व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले पॉवर फॅक्टर. माझी पाच एचपी 415 व्होल्टला 8 अँपिअर घेते, फॅक्टर 0.8 धरला. झाले 4,600 वॅट. त्यातले 3,730 पाणी उचलायला, बाकी मोटारीतच मुरतात. आता व्होल्टेज 330 वर आलं. बोअरातलं पाणी काही हलकं होत नाही, मोटार जवळपास तेवढीच पॉवर ओढते. करंट जातो 10 अँपिअरवर. वाढ फक्त दोनची, पण वायंडिंगची उष्णता दीडपटीच्या वर.

वायरीतही तेच. डीपी लांब असेल आणि एका वायरीचा रोध 2 ओहम धरला, तर 8 अँपिअरला तीन वायरींत 384 वॅट जळतात, 10 ला 600. त्यामुळं व्होल्टेज अजून पडतं. वरून आकडे टाकलेले असले की विचारूच नका.

2018 च्या एचव्हीडीएस योजनेमागं हेच गणित होतं: 11 केव्हीची लाइन शेतापर्यंत न्यायची आणि एक-दोन मोटारींना छोटी डीपी द्यायची. व्होल्टेज मोठं, तर तेवढ्याच पॉवरला करंट बारीक. माझी डीपी अजून जुनीच, अख्ख्या शिवाराची. म्हणून स्टार्टरचा ओव्हरलोड रिले परवा 8.5 वर लावून घेतला. आधी तो 12 वर होता. वारंवार ट्रिप होतो म्हणून मीच फिरवला होता.

तुमच्याकडं रात्रीच्या पाळीत स्टार्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर दाखवतं? खाली लिहा.