मूळपुरुषाच्या जागी दुर्गाबाई

आमच्या शिरूर अनंतपाळला पूर्वी हेळवी यायचे. ओसरीवर बसून घराण्याची वंशावळ म्हणायचे. आधी मूळपुरुष, मग त्याचे लेक, नातू, पणतू. आजी सुपात जोंधळे घेऊन दाराशी ऐकत उभी राहायची. कुळकथा म्हटलं की माझ्या कानात अजून तीच चाल घुमते. म्हणूनच 'अग्निहोत्र' मालिकेत घरादारानं मिळून पाहिलेल्या विक्रम गोखल्यांचं कूळ शोधत वर वर गेलो आणि थबकलो. तिथं मूळपुरुष नव्हता, दुर्गाबाई कामत होत्या.

1913 साली 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांना एकही बाई मिळाली नाही. तारामती झाले अण्णा साळुंके, उपाहारगृहात काम करणारे. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मात्र पार्वती झाल्या दुर्गाबाई आणि मोहिनी झाली त्यांचीच लेक कमला, जेमतेम तेरा वर्षांची. भारतीय चित्रपटात बाई पहिल्यांदा उभी राहिली ती मायलेकींच्या जोडीनं. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या होऊन लेकीला घेऊन नाटक मंडळीबरोबर गावोगाव फिरत होत्या. जातभाईंनी वाळीत टाकलं तरी त्यांनी पाऊल मागं घेतलं नाही. माझ्या लेखी या कुळाचं खरं बीज पडद्यावरच्या पार्वतीत नाही, या बिऱ्हाडात आहे.

कमलाबाईंचं लग्न रघुनाथराव गोखल्यांशी झालं. तेही नाटकातलेच, किर्लोस्कर मंडळीत काम केलेले. पुरुषच बायकांची कामं करायचे त्या काळात कमलाबाई रंगमंचावर नायिका म्हणून वावरत होत्या. पंचविशीच्या सुमारास वैधव्य आलं. पदरी मुलं होती, आणि पोट भरायला हाताशी होतं ते कामच. ते त्या करत राहिल्या, नाटकातून, बोलपटातून, थेट 1980च्या 'गहराई'पर्यंत. रीना मोहन यांनी त्यांच्यावर माहितीपट केला तेव्हा त्या नव्वदीच्या आसपास होत्या.

स्पेनमध्येही असंच एक कूळ आहे. नट हाविएर बार्देमचे आईकडचे आजोबा राफाएल आणि आजी मातिल्दे दोघंही नट, आई पिलारही नटी, मामा हुआन आंतोनियो दिग्दर्शक. हाविएरच्या बापाचं आडनाव एन्सिनास. तिकडच्या रीतीप्रमाणे मुलाला आईबाप दोघांचं आडनाव मिळतं, आणि पडद्यावर त्यानं आईचं लावलं. आपल्याकडे तशी रीत नाही. म्हणून पहिल्या पिढीचं 'कामत' मागं पडलं आणि जगाला ठाऊक झालं ते 'गोखले घराणं'. हे मला खटकतं. नाव गोखल्यांचं खरं, पण पडद्यावरची वाट पाडली ती कामतांच्या बाईनं.

कमलाबाईंची मुलंही कलेतच रमली. लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे वळले, चंद्रकांत अभिनयाकडे. जखमी, अपंग झालेल्या जवानांसाठी चंद्रकांत गोखले पदरमोड करून देणगी देत आले. 2008 साली ते गेले. त्यांचे चिरंजीव विक्रम.

'अनुमती' चित्रपटात विक्रम गोखले एका नवऱ्याचं काम करतात. बायको बेशुद्ध पडून आहे, यंत्रावर जगते आहे. तिची यंत्रं काढायला त्यानं संमती द्यायची आहे आणि त्याचा हात पुढं होत नाही. या भूमिकेला 2013 साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पणजी पार्वती होऊन कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, त्याला त्या वर्षी शंभर वर्षं झाली होती.