गरोदरपणातला मधुमेह: उपाशी ठेवण्यापासून भरल्या ताटापर्यंत

गरोदरपणात मधुमेह निघाला असं कळलं की बहुतेक जणींचा पहिला प्रश्न जेवणाबद्दल असतो. "भात पूर्ण बंद करू का?" "रात्री नुसतं सूप घेतलं तर चालेल का?" काही जणी तर विचारतसुद्धा नाहीत, घरी जाऊन सरळ निम्मं जेवण बंद करतात. पुढच्या तपासणीला साखरेचे आकडे झकास असतात, पण वजन घटलेलं असतं आणि लघवीत कीटोन निघतात. घरच्यांना वाटतं, किती कडक पथ्य पाळलं पोरीनं! कमी खाल्लं की साखर उतरते, हे खरंच आहे. म्हणून तर ही समजूत इतकी चिवट आहे. ती कुठून आली आणि गरोदर बाईच्या बाबतीत वैद्यकशास्त्रानं ती का सोडली, ते आज सांगतो.

1824 साली बर्लिनमध्ये हाइनरिख बेनेविट्झ या तरुण डॉक्टरनं पदवीसाठी लॅटिनमध्ये एक प्रबंध सादर केला. त्यात 22 वर्षांच्या एका बाईची हकीकत आहे. तिची ही पाचवी खेप. तहान काही केल्या भागत नव्हती, लघवीला सारखं जावं लागत होतं आणि त्या लघवीत साखर सापडली. बाळ 12 पौंडांचं, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. प्रसूती अडली आणि बाळ दगावलं. बाळंतपणानंतर मात्र आईच्या लघवीतली साखर नाहीशी झाली. गरोदरपणात येणारा आणि बाळंतपणानंतर जाणारा मधुमेह, मोठं झालेलं बाळ, अडलेली प्रसूती: आज आम्ही विद्यार्थ्यांना जे शिकवतो ते सगळं या एका हकिकतीत आहे. उपचार म्हणून तिचं रक्त काढलं गेलं आणि तिला प्रथिनं जास्त असलेला आहार दिला गेला. रक्त काढणं हा त्या काळचा सर्रास उपाय होता, त्यावर आश्चर्य नको. आहाराची कल्पना मात्र नवी नव्हती. इंग्लंडमधले लष्करी डॉक्टर जॉन रोलो यांनी 1797 मध्येच मधुमेहाच्या रुग्णाला धान्य, भाज्या तोडून मांस आणि चरबीवर ठेवलं होतं आणि लघवीतली साखर घटल्याचं लिहून ठेवलं होतं.

पुढची पायरी पॅरिसची. 1870-71 मध्ये प्रशियाच्या सैन्यानं पॅरिसला वेढा घातला, शहरात अन्नाची टंचाई झाली. अपोलिनेर बुशार्दा या डॉक्टरांच्या लक्षात आलं की आपल्या मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर या टंचाईत कमी होते आहे. जमेल तितकं कमी खा, हा त्यांचा सल्ला इथे पक्का झाला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी तो टोकाला नेला. लघवीतली साखर जाईपर्यंत रुग्णाला उपाशी ठेवायचं, मग तोलूनमापून थोडं थोडं अन्न द्यायचं आणि साखर पुन्हा दिसली की परत उपास. हा क्रूरपणा वाटेल, पण त्या वेळी दुसरं काही हातातच नव्हतं. काही मुलं या आहारावर एखाद-दोन वर्षं जास्त जगली, आणि काही जण भुकेनंच गेले. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत ज्या 14 वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं, त्याचं वजन तेव्हा तीस किलोसुद्धा नव्हतं.

मधुमेही बायकांना त्या काळात दिवस राहणंच अवघड होतं. राहिलेच तर डॉक्टरांच्या पोटात गोळा यायचा. इन्सुलिन आल्यावर आया वाचू लागल्या, पण बाळांचं काय? बॉस्टनमध्ये इलियट जॉसलिन यांच्या दवाखान्यात 1924 साली प्रिसिला व्हाइट नावाची तरुण डॉक्टर रुजू झाली आणि तिनं हाच प्रश्न आयुष्यभर धरून ठेवला. तिनं काम सुरू केलं तेव्हा अशा आयांची जेमतेम निम्मी बाळं हाती लागत. 1974 मध्ये ती निवृत्त झाली तेव्हा हे प्रमाण 90 टक्क्यांच्या वर गेलं होतं. 1949 मध्ये तिनं गरोदरपणातल्या मधुमेहाचे वर्ग पाडले. त्यातला पहिला, 'ए' वर्ग म्हणजे नुसत्या आहारावर साखर ताब्यात राहणाऱ्या बायका. आज ज्यांना आम्ही गरोदरपणातला मधुमेह म्हणतो, त्यातल्या बहुसंख्य या वर्गातल्या.

बाळ मोठं का होतं, याचं उत्तर कोपनहेगनच्या योर्गन पेडरसन यांनी पन्नाशीच्या दशकात मांडलं. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन तयार करतं, आणि आलेल्या साखरेची बाळाच्या अंगावर चरबी साठते. वारेतून येणाऱ्या हार्मोनमुळे आईचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून हा त्रास गरोदरपणाच्या दुसऱ्या अर्ध्यात वाढतो आणि वार पडली की बहुधा ओसरतो. बेनेविट्झच्या कोड्याचं उत्तर सव्वाशे वर्षांनी मिळालं ते असं.

आता वाटेल, मग आईनं कमी खाल्लं की बाळाकडे साखरच कमी जाईल, प्रश्न मिटला! नेमकं इथेच शिकागोचे नॉर्बर्ट फ्रीन्केल आडवे आले. गरोदर बाईचं शरीर उपासाच्या अवस्थेत इतरांपेक्षा फार लवकर जातं, हे त्यांनी दाखवलं. या अवस्थेला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थ 'वेगानं येणारी उपासमार' असा होतो. 1982 मध्ये त्यांच्या गटानं साध्या, निरोगी गरोदर बायकांना फक्त सकाळचा नाश्ता उशिरा दिला. दुपारपर्यंत त्यांची साखर उतरली आणि रक्तातले कीटोन गरोदर नसलेल्या बायकांपेक्षा बरेच वर गेले. विचार करा, एवढंच, एक नाश्ता चुकला! पुढे 1990 च्या सुमारास, वजन जास्त असलेल्या आणि गरोदरपणात मधुमेह झालेल्या बायकांना दिवसाला 1200 कॅलरींवर ठेवून पाहिलं गेलं. साखर छान उतरली, कीटोन मात्र चढले. 1991 मध्ये फ्रीन्केल यांच्याच परंपरेतल्या गटानं आणखी एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईचे कीटोन जितके जास्त, तितके मुलांचे दोन ते पाच वर्षांच्या वयातले बुद्धी-चाचणीचे गुण काहीसे कमी. अशा निरीक्षणातून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मान्य. पण उपाशी ठेवण्याची हौस कमी करायला ते पुरेसं होतं.

आपल्याकडे हे फार कामाचं आहे. संकष्टी, एकादशी, चातुर्मासातले सोमवार, शिवाय 'बाळासाठी' धरलेले वेगळे उपास. गरोदर सुनेला सासूबाई म्हणतात, "उपास नको धरूस, पण फराळ तरी कर." म्हणजे सकाळभर पोट रिकामं आणि मग ताटभर साबुदाण्याची खिचडी, जी जवळपास निव्वळ पिष्टमय आहे. आधी कीटोन, मग साखरेची उसळी. या नऊ महिन्यांत उपास सोडलात तर देव रागावणार नाही, असं मी पेशंटना सांगतो. अजून एकीनंही माझ्याशी वाद घातलेला नाही.

मग काय खायचं? हे ठरवायला आधी मोजता यायला हवं होतं. लघवीतल्या साखरेवरून काहीच नीट कळत नसे, कारण गरोदरपणात रक्तातली साखर नॉर्मल असतानाही ती लघवीत उतरू शकते. 1980 च्या आसपास घरी बोटातून थेंब घेऊन साखर मोजणं शक्य झालं. न्यूयॉर्कमध्ये लोईस जोव्हानोविक आणि चार्ल्स पीटरसन यांनी गरोदर बायकांच्या हाती हे यंत्र दिलं आणि कोणत्या जेवणानं साखर किती चढते ते पाहिलं. सकाळी शरीर इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देतं, हे त्यात ठळकपणे दिसलं. जेवढी पिष्टमयता दुपारी पचते तेवढी सकाळी पचत नाही. म्हणून चहा-बिस्किट, त्यावर बशीभर पोहे, वर केळं, हा आपला नाश्ता नेमका चुकीच्या वेळी येतो. पोहे सोडायचे नाहीत. ते अर्धे करून सोबत उकडलेलं अंडं, मोड आलेली मटकी किंवा वाटीभर दही घेतलं, चहातली साखर काढली आणि राहिलेला वाटा दोन-अडीच तासांनी खाल्ला, तर यंत्रातला आकडा फरक दाखवतो. 1995 मध्ये कॅलिफोर्नियात इन्सुलिन लागणाऱ्या 66 जणींवर एक अभ्यास झाला. निम्म्यांची साखर जेवणाआधी पाहून उपचार ठरवले, निम्म्यांची जेवणानंतर पाहून. दुसऱ्या गटातली बाळं कमी वजनदार निघाली आणि सिझेरियनही कमी झाली. जेवणानंतरची साखर बघा, असं आम्ही म्हणतो ते तेव्हापासून. भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत जेवणानंतर दोन तासांनी 120 च्या आत, हे लक्ष्य आहे, आणि आधी दोन आठवडे आहारावर प्रयत्न करायचा आहे. तेवढ्यानं जमलं नाही तर औषध. औषध लागलं म्हणजे पथ्य मोडलं, असं अजिबात समजू नका. वारेचे हार्मोन तुमच्या इच्छाशक्तीला विचारून वाढत नाहीत.

एवढी यातायात करून हाती काही लागतं का, ही शंका डॉक्टरांनाही होती, फार जुनी नाही. 2005 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 1000 बायकांच्या चाचणीनं ती मिटवली. एका गटाला आहाराचा सल्ला, साखर मोजणं आणि गरज पडली तर इन्सुलिन मिळालं. दुसऱ्याला नेहमीची देखभाल. बाळाचा मृत्यू, खांदा अडकणं, हाड मोडणं, हाताच्या नसेला इजा अशा गंभीर गोष्टी पहिल्या गटात 1 टक्का, दुसऱ्यात 4 टक्के. 2009 मध्ये अमेरिकेत सौम्य मधुमेह असलेल्या बायकांवर अशीच चाचणी झाली. उपचार मिळालेल्या गटातल्या 90 टक्क्यांहून अधिक जणींना इन्सुलिन लागलंच नाही. आहारच त्यांचा उपचार होता.

पिष्टमय पदार्थ नेमके किती, यावर मात्र पंडितांचं एकमत नाही. जोव्हानोविक यांच्या काळापासून 40 टक्के कॅलरी हे प्रमाण रूढ झालं. कोलोरॅडोच्या टेरी हर्नांडेझ यांनी त्याला आव्हान दिलं. पिष्टमय काढलं की त्या जागी चरबी येते, ती तरी बाळाला कुठे चांगली? 2023 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत 40 टक्के आणि 60 टक्के पिष्टमय आहार घेणाऱ्या आयांच्या बाळांच्या अंगावरच्या चरबीत फरक आढळला नाही. 60 टक्क्यांच्या गटात पिष्टमय होतं ते सावकाश पचणारं होतं, साखर-मैदा नव्हे. ज्वारी-बाजरीची भाकरी, कडधान्यं, भाजी-आमटीसोबतचा मोजका भात खाणाऱ्या आपल्या लोकांना ही बातमी दिलासा देणारी आहे.

आणि पुण्याचा उल्लेख केल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली नवजात बाळं सरासरी 2.7 किलोच्या आसपासची, इंग्लंडमधल्या साडेतीन किलोच्या बाळांपुढे किरकोळच. पण मोजमाप केल्यावर दिसलं की कमी होतं ते मांस. चरबी बऱ्यापैकी टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. याच अभ्यासात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त खाणाऱ्या आयांची बाळं चांगल्या वजनाची निघाली. हा अभ्यास मधुमेही बायकांचा नव्हता, तरी मला त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. जिथे आईच्या ताटात प्रथिनं आणि भाजी आधीच कमी आहे, तिथे मधुमेहाच्या नावाखाली ताट आणखी रिकामं करणं म्हणजे बाळाचं मांस कापणं. भात एक मूद कमी झाला तर त्या जागी डाळ, अंडं, पनीर, मासा, पालेभाजी यायलाच हवी.

शेवटी एक तारीख. निदानाचे पहिले नीट आकडे 1964 मध्ये बॉस्टनच्या जॉन ओ'सलिव्हन आणि क्लेअर महान यांनी 752 गरोदर बायकांच्या तपासणीवरून ठरवले. ते ठरवताना त्यांच्या डोळ्यांसमोर बाळ नव्हतं. पुढच्या आयुष्यात कोणत्या आईला मधुमेह होईल, हे त्यांना ओळखायचं होतं. ती तपासणी आजही बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी असते, 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन. बाळाला डोस द्यायला त्याच सुमारास सगळ्या येतात. तेव्हाच करून घ्या.