हापूसच्या बदल्यात आलेली हार्ले आणि मागं राहिलेले दुकानदार

लातूर-नांदेड रस्त्यावर चाकूरमध्ये दिवसभर उभं राहिलं तरी हार्ले-डेव्हिडसन एखादी दिसली तर दिसली. मग तिच्याबद्दल इथं कशाला लिहायचं? कारण 2020 साली त्या कंपनीनं आपल्या दुकानदारांचं जे केलं, ते उद्या आपल्या बाजारपेठेतल्या ट्रॅक्टरच्या किंवा मोटारसायकलच्या दुकानाचंही होऊ शकतं. पाटी कंपनीची आणि कर्ज दुकानदाराचं, हे गणित सगळीकडं सारखंच.

थोडं मागं जाऊ. हार्लेला भारतात यायचं होतं, पण प्रदूषणाचे नियम आडवे येत होते. तिकडं आपला आंबा किडीच्या भीतीनं अमेरिकेनं अठरा वर्षं बंद ठेवला होता. 2007 मध्ये दोन्ही सरकारांनी गाठ सैल केली. लासलगावच्या केंद्रात विकिरण केलेला हापूस तिकडं गेला आणि हार्लेला इकडचा दरवाजा उघडला. आंब्याच्या पेटीवर मोटारसायकल, असा सौदा!

2010 पासून मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत दुकानं उघडली. 2011 मध्ये हरियाणात बावलला जुळणीचा कारखाना निघाला. दुकानं म्हणजे साधी नव्हेत. कंपनी सांगेल तशी फरशी, तसेच दिवे, तशीच मांडणी आणि सगळा खर्च दुकानदाराचा. गाडीमालकांचा क्लबसुद्धा दुकानाशीच बांधलेला असायचा. त्यामुळं गिऱ्हाइकाची ओळख अमेरिकेतल्या कंपनीशी कमी आणि दुकानदाराशी, मेकॅनिकशी जास्त. आपल्याकडं नाही का, गाडी कुठलीही असो, माणूस म्हणतो, "मी अमक्याकडून घेतली."

24 सप्टेंबर 2020 ला कंपनीनं जाहीर केलं की भारतातली विक्री आवरती घेतोय, कारखाना बंद. कारण उघड होतं. 2019-20 मध्ये देशभरात अडीच हजारही गाड्या खपल्या नव्हत्या. धंदा होत नसेल तर कंपनीनं जावं, त्याला माझी हरकत नाही. पण तिसांहून जास्त दुकानदारांना आधी विश्वासात घेतलंच नाही, अशी वाहन विक्रेत्यांच्या 'फाडा' या संघटनेची तक्रार होती. तिच्या अंदाजानं सुमारे दोन हजार नोकऱ्या आणि 110 ते 130 कोटींची गुंतवणूक धोक्यात आली. देऊ केलेली भरपाई दुकानदारांना तुटपुंजी वाटली.

तेव्हा गिऱ्हाईक दुकानदाराच्या बाजूनं उभं राहिलं. महागड्या गाड्यांचे मालक त्याच गाड्या घेऊन निषेधाला निघाले. त्यात त्यांचा स्वतःचा स्वार्थही होता म्हणा, स्पेअर पार्ट कुठून आणायचे ही धास्ती होतीच. पण असू दे. अडचणीच्या वेळी मागं उभं राहणाऱ्याचा हेतू किती तपासायचा?

महिनाभरात, 27 ऑक्टोबरला, हिरो मोटोकॉर्पशी करार झाला. गाड्या, पार्ट, सर्व्हिस सगळं हिरोकडं गेलं. जुन्या दुकानदारांपैकी काहींना हिरोनं घेतलं, सगळ्यांना नाही. 2023 मध्ये सव्वादोन लाखांच्या आसपासची एक्स 440 आली. म्हणजे ब्रँड राहिला, गिऱ्हाइकाची सोय झाली. ज्यानं पहिली गाडी विकली होती, त्यातले बरेच मात्र बाहेर.

आता गंमत बघा. हार्लेचं मुख्यालय अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात आहे. त्याच राज्यात 1974 पासून कायदा आहे: योग्य कारणाशिवाय दुकानदाराची एजन्सी काढता येत नाही, नव्वद दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि दुकानदाराला हवं असेल तर पडून राहिलेला माल कंपनीनं परत घ्यायचा. स्वतःच्या दारात हे नियम आणि आपल्याकडं एक घोषणा!

तिथंसुद्धा हे फुकट मिळालेलं नाही. मोटार कंपन्यांच्या मनमानीला दुकानदार वैतागले, तेव्हा 1956 मध्ये त्यांना कोर्टात जाण्याचा हक्क देणारा केंद्रीय कायदा झाला. 2009 च्या मंदीत क्रायस्लरनं 789 दुकानदारांना चार आठवड्यांच्या आत मोकळं केलं, जनरल मोटर्सनंही शेकडोंना पत्रं पाठवली. मग दुकानदार आणि त्यांच्या गावचे लोक खासदारांच्या मागं लागले. वर्षअखेर संसदेनं लवादाचा हक्क दिला आणि मार्च 2010 मध्ये जनरल मोटर्सला 661 जणांना परत बोलवावं लागलं.

आपल्याकडं 2017 मध्ये जनरल मोटर्सनं विक्री थांबवली, मग हार्ले, मग 2021 मध्ये फोर्ड. प्रत्येक वेळी फाडानं दुकानदारांच्या संरक्षणाचा कायदा मागितला. संसदेच्या उद्योगविषयक स्थायी समितीनंही तशी शिफारस केली.

पण एक गोष्ट त्या मागणीतही मला कमी दिसते. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावातले बरेचसे सब-डीलर आहेत. त्यांचा व्यवहार कंपनीशी नसून जिल्ह्याच्या मोठ्या डीलरशी, तोही पुष्कळदा तोंडी. कायदा झाला तरी त्यांच्याकडं दाखवायला कागद कुठला? आपल्या नेहमीच्या दुकानदाराला एकदा विचारून बघा, लेखी काय आहे म्हणून. काय उत्तर आलं ते खाली लिहा, नाव न घेता.