एकवीस जखमा आणि एक अपुरा कागद

इतिहास म्हटला की आपल्याला राजे, राण्या, गड आणि लढाया आठवतात. आज आम्ही तुम्हाला एका हमालाची गोष्ट सांगणार आहोत. हा हमाल लांबचा, अमेरिकेतला. पहिल्या महायुद्धात तो शिपाई म्हणून लढला. एका रात्रीत त्याच्या अंगावर २१ जखमा झाल्या. त्या जखमांचं पदक त्याच्या देशानं दिलं खरं, पण तोवर त्याला जाऊन ६७ वर्षं झाली होती.

एवढा उशीर का झाला? जखमा तर सगळ्यांना दिसत होत्या. मग अडलं कुठं? अडलं कागदावर. म्हणून ही गोष्ट शिपायांची असली तरी ती आपल्या बायकांनी ऐकावी असं आम्हाला वाटतं. कारण घरातली कागदांची पेटी बहुतेक घरी आपल्याच हाती असते.

त्या शिपायाचं नाव हेन्री जॉन्सन. अमेरिकेतला कृष्णवर्णीय माणूस, म्हणजे ज्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम करून नेलं होतं त्या समाजातला. अंगानं लहानखुरा, उंची जेमतेम पाच फूट चार इंच. न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनी नावाचं शहर आहे. तिथल्या रेल्वे स्टेशनवर तो उतारूंचं सामान वाहायचा. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली आणि हेन्री सैन्यात भरती झाला.

तेव्हा तिथल्या सैन्यात गोऱ्यांच्या पलटणी वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या असत. आपल्याकडे जातीनं जे केलं, ते तिथं रंगानं केलं होतं. हेन्रीची पलटण न्यूयॉर्क शहरातल्या हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीत उभी राहिली. आपले बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. ते विद्यापीठ या हार्लेमला लागूनच आहे.

ही पलटण बोटीनं फ्रान्सला पोचली. तिथं तिला आधी लढायला पाठवलंच नाही. माल उतरवायचा, रस्ते बांधायचे, अशी कामं दिली. शेवटी अमेरिकेच्या सेनापतींनी ही पलटण फ्रेंच सैन्याच्या हवाली केली. फ्रेंचांना माणसं कमी पडत होती. त्यांनी या शिपायांना आपल्या बंदुका दिल्या, आपली शिरस्त्राणं दिली आणि आघाडीच्या खंदकात उभं केलं. पुढं ही पलटण १९१ दिवस आघाडीवर राहिली. इतके दिवस दुसरी कोणतीही अमेरिकन पलटण आघाडीवर नव्हती.

१९१८ च्या मे महिन्यातली १४ आणि १५ तारखेमधली रात्र. फ्रान्समधल्या आर्गोन नावाच्या जंगलाच्या कडेला हेन्री आणि त्याचा सोबती नीडहॅम रॉबर्ट्स पहाऱ्यावर होते. मध्यरात्र उलटून गेल्यावर तारा कापल्याचा आवाज आला. जर्मन सैनिकांची टोळी अंधारातून आली होती. किमान डझनभर तरी माणसं होती, कदाचित त्याच्या दुप्पट. सुरुवातीलाच रॉबर्ट्स जबर जखमी झाला. हेन्रीनं हातबॉम्ब फेकले, ते संपले. बंदूक चालवली, ती अडकली. मग तीच बंदूक उलटी धरून तो दांडक्यासारखी मारत राहिला, तर तिचाही दस्ता तुटला. तेवढ्यात जर्मन सैनिक रॉबर्ट्सला कैद करून फरपटत नेत असल्याचं त्याला दिसलं. हेन्रीच्या कमरेला आपल्या कोयत्यासारखा एक जड सुरा होता. तो घेऊन तो धावला, सोबत्याला सोडवलं आणि मदत येईपर्यंत झुंजत राहिला. शेवटी हल्लेखोर पळाले.

सकाळी मोजलं तर हेन्रीच्या अंगावर २१ जखमा. डाव्या पायाच्या हाडांचा चुरा झाला होता. पुढं त्या पायात धातूची पट्टी घालावी लागली.

फ्रेंच सरकारनं दोघांनाही आपलं मोठं शौर्यपदक दिलं. हे पदक मिळालेल्या पहिल्या अमेरिकन शिपायांत या दोघांची गणना होते. १९१९ च्या फेब्रुवारीत पलटण न्यूयॉर्कला परतली, तेव्हा शहराच्या मोठ्या रस्त्यावरून तिची मिरवणूक निघाली. हेन्रीला उघड्या मोटारीत उभं केलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची गर्दी लोटली होती. सैन्यभरतीच्या आणि युद्धासाठी पैसा गोळा करण्याच्या जाहिरातींत सरकारनं त्याचं नाव वापरलं.

मग त्याला सैन्यातून मोकळं केलं आणि हातात कागद दिला. त्याला डिस्चार्जचा कागद म्हणतात. त्या कागदावर त्याच्या जखमांचा उल्लेखच नव्हता. जाहिरातीत त्याचं शौर्य होतं, वर्तमानपत्रांत त्याच्या जखमा होत्या, पण ज्या कागदावरून पुढं काही मागता आलं असतं, त्या कागदावर काहीच नव्हतं.

हेन्री पुन्हा स्टेशनवर गेला. पण पाय साथ देईना. एकवीस जखमांचं अंग आणि डोक्यावर दुसऱ्याचं ओझं, हे किती दिवस जमणार? तब्येत ढासळत गेली. १९२७ साली सरकारनं त्याला कायमचा अपंग ठरवून मदत सुरू केली. तीही क्षयरोगाच्या नावावर, लढाईतल्या जखमांच्या नावावर नाही. १९२९ च्या जुलैमध्ये तो वारला. पस्तीस-सदतिशीचा असेल.

आता त्या पदकाविषयी सांगतो. अमेरिकेत लढाईत जखमी झालेल्या सैनिकाला 'पर्पल हार्ट' नावाचं पदक देतात. पर्पल म्हणजे जांभळं आणि हार्ट म्हणजे काळीज. जांभळ्या काळजाचं पदक म्हणा ना. याचं मूळ जुनं आहे. १७८२ साली, अमेरिका इंग्रजांविरुद्ध स्वातंत्र्यासाठी लढत होती तेव्हा, सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांनी साध्या शिपायांसाठी जांभळ्या कापडाचं, काळजाच्या आकाराचं एक मानचिन्ह सुरू केलं. पुढं ते विस्मरणात गेलं. वॉशिंग्टन यांच्या जन्माला २०० वर्षं झाली, त्या दिवशी, २२ फेब्रुवारी १९३२ रोजी ते पदकाच्या रूपानं पुन्हा सुरू झालं. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्यांनाही अर्ज करता येत होता. हेन्रीला जाऊन तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती.

सुरुवातीला हे पदक चांगल्या कामगिरीसाठीही मिळायचं. १९४१ च्या डिसेंबरात जपाननं पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले, तेव्हा ॲनी फॉक्स नावाची मुख्य परिचारिका भर हल्ल्यात जखमींची सेवा करत होती. १९४२ साली तिला हे पदक मिळालं. हे पदक मिळवणारी ती पहिली बाई. पण पुढं नियम बदलला आणि पदक फक्त जखमींसाठी ठरलं. ॲनी स्वतः जखमी झाली नव्हती, म्हणून १९४४ साली तिला त्याऐवजी दुसरं पदक दिलं गेलं.

या पदकाची एक गोष्ट ध्यानात घ्या. शौर्यपदकासाठी वरच्या अधिकाऱ्याची शिफारस लागते. या पदकाला शिफारस लागत नाही. शत्रूच्या हल्ल्यात जखम झाली, डॉक्टरनं उपचार केले आणि त्याची नोंद झाली, की पदक हा सैनिकाचा हक्कच होतो. ऐकायला सोपं वाटतं. पण सगळं येऊन थांबतं त्या शेवटच्या शब्दावर: नोंद.

आता विचार करा. गोळ्यांच्या वर्षावात जखमेवर पट्टी बांधणारा माणूस आधी जीव वाचवणार की वही उघडणार? वही उघडलीच, तर ती पुढं टिकली पाहिजे. १९७३ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराजवळ सैनिकांच्या कागदपत्रांच्या कोठाराला मोठी आग लागली. दीड कोटीहून जास्त सैनिकांच्या फायली जळाल्या. १९१२ पासून १९६० पर्यंत पायदळातून मोकळ्या झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांचे कागद त्यात गेले. दोन्ही महायुद्धं त्या काळातलीच. मग कित्येक म्हातारे सैनिक अंगावरचा व्रण दाखवत राहिले आणि कचेऱ्या कागद मागत राहिल्या. अशा वेळी सोबत्यांची शपथपत्रं, दवाखान्याच्या नोंदी, पलटणीच्या रोजच्या नोंदवह्या, असं काहीबाही जुळवून आपलं म्हणणं सिद्ध करावं लागतं.

आणि व्रण दिसतच नसेल तर? २०२० च्या जानेवारीत इराणनं इराकमधल्या अमेरिकन तळावर क्षेपणास्त्रं सोडली. कुणालाच इजा झाली नाही, असं आधी सांगितलं गेलं. पण स्फोटाच्या दणक्यानं शंभरावर सैनिकांच्या मेंदूला मार बसला होता. वरून खरचटलेलंही दिसत नव्हतं. आधी २९ जणांना पदक मिळालं. प्रकरणाचा पाठपुरावा झाल्यावर २०२१ च्या अखेरीस आणखी ३९ जणांना मंजूर झालं. इजा तीच, सैनिक तेच. फक्त दुसऱ्यांदा कुणीतरी कागद नीट वाचले.

आपल्या हेन्रीचं काय झालं? त्याच्या ऑल्बनी शहरातली माणसं, माजी सैनिक आणि इतिहासाचे अभ्यासक कित्येक वर्षं अर्ज करत राहिले. १९९६ साली, म्हणजे त्या रात्रीनंतर ७८ वर्षांनी, त्याला मरणोत्तर पर्पल हार्ट मिळालं. सर्वोच्च शौर्यपदक मात्र अजून लांब होतं. त्यासाठी त्या काळातला भक्कम पुरावा हवा होता. शोधता शोधता त्या लढाईनंतर काही दिवसांतच लिहिलेला, मुख्य सेनापती पर्शिंग यांच्याकडचा एक कागद सापडला. त्यात हेन्रीच्या पराक्रमाची नोंद होती. इतकी वर्षं तो कागद दप्तरात पडून होता. अर्जाची मुदत कधीच संपली होती, म्हणून वेगळा कायदा करावा लागला. अखेर २ जून २०१५ रोजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी ते पदक जाहीर समारंभात दिलं. लढाईला तेव्हा ९७ वर्षं झाली होती.

पदक घ्यायला घरचं कुणी नव्हतं. हेन्रीचा मुलगा म्हणून ओळखला जाणारा एक माजी सैनिक या मानासाठी झटला होता. तोही तोवर वारला होता. सरकारनं जुने कागद तपासले तेव्हा ते रक्ताचं नातं सिद्ध झालं नाही. शेवटी न्यूयॉर्कच्या सैन्यदलातल्या एका सुभेदार दर्जाच्या सैनिकानं हेन्रीच्या वतीनं पदक स्वीकारलं. कागदानं एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं.

मैत्रिणींनो, पदक म्हणजे धातूचा तुकडा, त्यानं पोट भरत नाही, असं कुणी म्हणेल. पण हेन्रीच्या कागदावर जखम लिहिली असती तर त्याच जखमेच्या नावानं त्याला मदत मागता आली असती. त्याचं दुखणं त्याचं एकट्याचं नशीब ठरलं नसतं. तुला जे झालं ते आमच्यासाठी झालं, एवढं देशानं लिहून देणं, हा त्या पदकाचा अर्थ.

आपल्या देशातही लढाईत शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्या सैनिकांसाठी 'पराक्रम पदक' आहे. आपल्या गावागावांत माजी सैनिक आहेत, सैनिकांच्या विधवा आहेत, आया आहेत. त्यांच्या घरी पत्र्याच्या पेटीत डिस्चार्ज बुक असेल, पेन्शनचा कागद असेल, लष्करी दवाखान्याची चिठ्ठी असेल, पलटणीतला एखादा फोटो असेल. ते वाळवीच्या आणि पावसाच्या तोंडी देऊ नका. सगळ्यांच्या प्रती काढून वेगळ्या ठेवा. सेवा क्रमांक आणि पलटणीचं नाव वहीत लिहून ठेवा. म्हातारे आजोबा आठवणी सांगत असतील तर नातवंडाला तारखेसकट लिहून घ्यायला बसवा. सोबतीचे सैनिक हयात असतील तर त्यांची नावंही लिहा. काही राहून गेलंय असं वाटलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा. एकटीला जायला जड वाटलं तर गटातल्या दोघी सोबत जा.

आणि जाता जाता आपल्या स्वतःविषयी. उसाच्या फडात बाईच्या हाताला कोयता लागतो. चिंधी बांधून ती पुन्हा मोळी उचलते. मुकादमाच्या वहीत उचल पैशांपैशांनी लिहिलेली असते, जखम मात्र कुठंच लिहिलेली नसते. पुढं हात कायमचा अधू झाला तर ती काय दाखवणार? म्हणून इजा झाली की दवाखान्यात जा आणि तारखेची चिठ्ठी मागून घ्या. कशानं लागलं, कुठं लागलं, कोणत्या कामावर लागलं, ते त्यावर लिहायला सांगा. गटाच्या वहीतही नोंद करा आणि दोघींच्या सह्या घ्या. सही येत नसेल तर अंगठा चालेल.

हेन्रीच्या बाजूनं बोलणारा कागद सापडायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. आपल्या गटाची वही आपल्याच हातात आहे. पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की तिचं एक कोरं पान यासाठी उघडा.