नव्या लिनक्सवर जुनं पीजीप्लॉट कसं कंपाइल करायचं?
पीजीप्लॉट ही कॅलटेकमध्ये बनलेली, खगोलशास्त्रज्ञांनी खूप वापरलेली आलेख काढायची फोरट्रान लायब्ररी. तिची ५.२.२ ही आवृत्ती २००१ ची. मी ती नव्या उबंटूवर कंपाइल करायला घेतली आणि सुरुवातीलाच एरर! कारण मेकफाइल जी७७ कंपायलर शोधते; तो २००५ मध्ये जीसीसी ४.० आलं तेव्हाच गेला.

मी काय केलं?

१. ड्रायव्हरच्या यादीत पोस्टस्क्रिप्टच्या ओळींपुढचं उद्गारचिन्ह काढलं. पीएनजी बंदच ठेवलं, त्याचा कोड नव्या लायब्ररीशी जुळत नाही.
२. मेकफाइल तयार झाल्यावर तिच्यात जी७७ च्या जागी जीफोरट्रान लिहिलं.
३. पीजीप्लॉटच्या फोल्डरचा पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये दिला. तो नसेल तर फॉन्ट सापडत नाही, आलेखावर अक्षरंच येत नाहीत.

एवढं केलंत की जुन्या प्रबंधातला आलेख त्याच्याच मूळ कोडवरून पुन्हा काढून तपासता येतो.